ताड, कोयता आणि कर

फ्रान्समधील नॉर्मंडी आणि इंग्लंडमधील हेरफर्डशायर या भागांत सफरचंदाच्या अशा बागा आहेत की त्यांतले फळ कोणी हौसेने खात नाही. दिसायला लालचुटुक, पण दात लावला की तोंड आवळून यावे इतके तुरट. ही झाडे लावली जातात ती खाण्यासाठी नव्हे, पिण्यासाठी. त्यांच्या रसाचे सायडर होते. त्या झाडांची कलमे कशी बांधावीत, हिवाळ्यात कोणती फांदी छाटावी आणि कोणती राखावी, यावर तिकडे पिढ्यानपिढ्या शिकवण चालत आली आहे. जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने १६६४ साली आपल्या वृक्षविषयक ग्रंथाला सायडरच्या फळझाडांवरील एक स्वतंत्र पुरवणीच जोडली होती. झाड लावणे, छाटणे आणि त्याच्या रसाचे पेय करणे ही तिकडे एकाच विद्येची तीन अंगे मानतात.

आपल्याकडे असे काही नाही, असे वाचकांना सहज वाटेल. आपल्या कोकणपट्टीत सफरचंद येत नाही हे खरे. परंतु पिण्यासाठी राखलेली झाडे, त्यांची निगा, त्यांना द्यावयाचा छेद, त्यांच्या रसाची पारख आणि त्या रसावर डोळा ठेवून बसलेले सरकार, हे सारे आपल्या दाराशीच आहे. पश्चिम रेल्वेने पालघर सोडून बोईसरकडे निघालात की डावीकडे, खाजणाच्या पलीकडे, उंच झाडांची एक काळसर रेघ आकाशात उमटलेली दिसते. केळवे-माहीमपासून सातपाटी, मुरबे, तारापूर, चिंचणी अशी ती रेघ पुढे डहाणूपर्यंत जाते. ते ताड, माड आणि शिंदी. आमच्या मुलखाचा इतिहास ज्याला वाचावयाचा असेल त्याने आधी या झाडांकडे मान वर करून पाहावे. किल्ले नंतर पाहिले तरी चालतील.

दिवाळीच्या फराळाबरोबर ताडीची गोष्ट वाढणे काहींना रुचणार नाही. त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की ही गोष्ट नशेची थोडी आणि कष्टाची, कराची व विद्येची फार आहे.

प्रथम तीन झाडांची ओळख करून घेऊ, कारण शहरातली मंडळी तिन्हींना एकाच नावाने हाक मारतात. माड म्हणजे नारळ. त्याची ती माडी. ताड निराळा. त्याचे पान पंख्यासारखे, खोड काळे व सरळ, आणि उंची साठ-सत्तर फूट सहज. त्याची ती ताडी. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला जे मऊ, पाणीदार ताडगोळे आपण घेतो ते ताडाच्या मादीचे. ताडात नर आणि मादी अशी वेगळी झाडे असतात. तिसरी शिंदी. ही खजुराची रानटी बहीण. तिच्या फळात गर कमी आणि बी मोठे. पण तिच्या खोडातून थंडीच्या दिवसांत जो गोड रस पाझरतो त्याची सर दुसऱ्याला नाही, असे जाणकार म्हणतात.

ही माहिती मला पुस्तकांतून मिळाली नाही. शाळेत इतिहास शिकवीत असताना आमच्या गावच्या एका वृद्ध भंडाऱ्यांकडे मी काही हिवाळे नेमाने जात असे. त्यांना सारा गाव बाबा म्हणे, मीही म्हणे. ते मला मास्तर म्हणत. वयोमानाने त्यांचे झाडावर चढणे सुटले होते. पण खाली बसून, वर चढलेल्या नातवाच्या कोयत्याच्या नुसत्या आवाजावरून छेद बरा बसला की वाईट, हे ते सांगत. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते असे.

माड लावावयाचा तर रोप करता येते. ताडाचे तसे नाही. त्याचे बी जिथे झाड हवे तिथेच पुरावे लागते. बी रुजले की त्याचा कोंब आधी वर येत नाही, तो खाली जातो. हातभर खोल गेल्यावर मग कुठे पहिले पान जमिनीतून डोकावते. म्हणून ताडाचे रोप उपटून दुसरीकडे लावण्याची सोय नाही. शिवाय लावलेले झाड नर निघेल की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि फुलोरा यावयाला बारा ते वीस वर्षे लागतात. सफरचंदवाल्याला कलम बांधून आपल्या मनाजोगते झाड करता येते, चार-पाच वर्षांत फळही दिसू लागते. ताड लावणाऱ्याला हे सुख नाही. बाबा म्हणत, “मास्तर, माड स्वतःसाठी लावावा. ताड लावायचा तो नातवासाठी.”

आता छाटणी. सफरचंदाच्या झाडाची फांदी छाटतात ती ऊन आत यावे म्हणून. ताडामाडाला फांद्याच नाहीत. येथे छाटणी म्हणजे वाळल्या झावळ्या काढून शेंडा मोकळा करणे आणि मग फुलोऱ्याला छेद देणे. माडाची पोय उमलण्यापूर्वी दोरीने घट्ट बांधावयाची, म्हणजे ती फुटत नाही. मग ती रोज हलक्या हाताने सगळीकडून ठोकावयाची आणि हळूहळू खाली वाकवावयाची. काही दिवसांनी टोकाचा एक पातळ काप काढावयाचा. रस लगेच येत नाही. ठोकणे आणि कापणे नेमाने चालू ठेवले की एक दिवस टोकाशी थेंब जमतो. तेथे मडके बांधावयाचे. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ चढून कागदाएवढा पातळ काप काढून जखम ताजी ठेवावयाची. काप जाड झाला तर पोय लवकर संपते. काढला नाही तर जखम भरून येते आणि रस थांबतो. ठोका जोराचा बसला तर पोय आतून कुजते. “झाडाला जखम करायची,” बाबा म्हणत, “पण झाडाला राग येऊ द्यायचा नाही.” सबंध विद्या या एका वाक्यात आली.

शिंदीची रीत आणखी वेगळी. तिचा फुलोरा कापीत नाहीत. शेंड्याखालची पाने काढून खोडच एका बाजूने तासतात आणि त्या तासलेल्या जागी नळी बसवितात. दोन-तीन दिवस रस घ्यावयाचा, मग झाडाला विश्रांती द्यावयाची. पुढच्या वर्षी खोडाची समोरची बाजू तासावयाची, त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा अलीकडची. त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड नागमोडी होते, आणि त्या खाचा मोजून हे झाड किती हिवाळे माणसाच्या कामी आले ते सांगता येते. ज्याला इतिहासाची साधने दप्तरखान्यातच असतात असे वाटते, त्याने एकदा शिंदीखाली उभे राहावे.

रस मडक्यात पडतो तेव्हा तो निव्वळ साखरपाणी असतो. शंभर भागांत दहा ते पंधरा भाग साखर. मडक्याला आतून चुना लावला आणि सूर्य वर येण्याआधी उतरविला तर ती नीरा. आटविली तर गूळ. चुना लावला नाही तर हवेतले आणि मडक्यातले किण्व त्याच रात्री आपले काम सुरू करते. सकाळी रस गोड-आंबूस असतो. दुपारपर्यंत साखरेची चार-पाच टक्के दारू होते, म्हणजे विलायती सायडरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होऊ लागतो. याचा अर्थ असा की नीरा, ताडी आणि शिरका ही तीन वेगळी पेये नसून एकाच मडक्याचे तीन प्रहर आहेत. कायदा करणाऱ्यांना पुढे याच गोष्टीने फार छळले. घड्याळाच्या काट्याबरोबर गुन्हा होणारा आणि निरपराध असणारा दुसरा पदार्थ शोधून सापडणार नाही.

या विद्येची जुनी नोंद परक्याने करून ठेविली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने नारळाचे वर्णन केले आहे. काही माड फळासाठी आणि काही रसासाठी राखतात, या रसाला ‘सुरा’ म्हणतात आणि तो ऊर्ध्वपातन करून कडक मद्य काढतात, असे तो सांगतो. म्हणजे खाण्याची बाग निराळी आणि पिण्याची बाग निराळी हा भेद नॉर्मंडीप्रमाणे आपल्या किनाऱ्यावरही साडेचारशे वर्षांपूर्वी रूढ होता. ‘सुरा’ हा शब्द आपला. पोर्तुगिजांनी तो उचलला आणि गोव्यात आजही तो माडीला लागू आहे. इंग्रजांनी आपली ‘ताडी’ उचलून तिची ‘टॉडी’ केली; पुढे त्यांच्या देशात गरम पाण्यात मद्य, साखर व मसाला घालून केलेल्या पेयालाही तेच नाव पडले. ताड लंडनला गेला नाही, त्याचे नाव मात्र गेले.

पोर्तुगिजांचा अंमल या पट्टीवर दोनशे वर्षे होता. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर येथील कोट त्याची साक्ष देतात. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हे कोट घेतले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई आली. राज्य बदलले, झाडांवर चढणारे तेच राहिले. भंडारी ही जात केवळ माडी काढणारी नव्हे. ती लढाऊही होती. सतराव्या शतकात मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावर त्यांनी जी शिबंदी उभारली तीत भंडाऱ्यांचा भरणा मोठा होता. रोज साठ फूट चढून उतरणाऱ्या आणि कमरेला कोयता लावणाऱ्या माणसाला शिपाई करावयाला फारसे कष्ट पडले नसावेत.

येथवर कराची गोष्ट आली नाही, याचा अर्थ कर नव्हता असा नाही. प्रत्येक राज्याने या झाडांकडून काहीतरी घेतले. परंतु जुना कर ढोबळ असे आणि गावची वहिवाट पाहून बसविलेला असे. घरच्यापुरती ताडी काढणाऱ्या आदिवासीच्या मागे कोणी कारकून फिरत नसे. वारली, कोकणा, काथोडी, दुबळा यांच्या दृष्टीने ताडी ही चैन नव्हती. भाताचे कोठार फाल्गुन-चैत्रात रिते होई. त्या दिवसांत ताडी पोटाला आधार देई. लग्नात, दैवतापुढे, मर्तिकाला ती लागेच. वारल्यांच्या भिंतीवरील चित्रांत ताडावर चढणारा माणूस आणि खाली लटकलेली मडकी पुन्हा पुन्हा येतात ती उगाच नव्हे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतला ताडावरचा माणूस हा गुन्हेगार नाही, तो घरचा कर्ता आहे.

त्याला गुन्हेगार केले ते १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. या कायद्यान्वये परवान्यावाचून झाडाचा रस काढणे, गाळणे, विकणे बंद झाले. प्रत्येक छेद देण्याच्या झाडावर कर बसला, आणि तो वाढत गेला. गाळप ठरावीक भट्ट्यांत आणि विक्री ठरावीक दुकानांत गेली. सरकारचे म्हणणे असे की मद्य महाग केले म्हणजे लोक कमी पितील. हिशेबाच्या वह्या मात्र निराळे सांगत होत्या, कारण अबकारी हे मुंबई सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे कलम होऊन बसले. ताडी महाग झाली तेव्हा लोकांनी पिणे सोडले नाही. चार टक्क्यांची घरची ताडी सोडून ते दुकानातल्या कडक दारूकडे वळले. झाडाखाली फुकट मिळणारी वस्तू आता उधारीच्या वहीवर मिळू लागली. दुकानदार बहुधा सावकारही असे, आणि सावकाराची नजर जमिनीवर असे. एका मडक्यापासून सुरू झालेली वाट सातबाराच्या उताऱ्यापर्यंत कशी जाते, हे ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीने पाहिले.

तेवढ्यावर भागले नाही. मोहाची फुले वेचून त्यांची दारू आदिवासी घरीच गाळीत. ती बंद पाडण्यासाठी १८९२ साली मोहाचा खास कायदा झाला. तो ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी होता. ज्या फुलाची भाजी होई, जे वाळवून टंचाईत खाल्ले जाई, ते फूल घरात बाळगणे संशयास्पद ठरले. याविरुद्ध ओरड झाली. १८८८ च्या अलाहाबादच्या अधिवेशनात काँग्रेसने या अबकारी पद्धतीने व्यसन वाढते अशी तक्रार ठरावाने नोंदविली. पुढल्या वर्षी विलायतेच्या पार्लमेंटातही ती गाजली. परंतु ठराव मुंबई-अलाहाबादेत होत आणि कर तारापूर-डहाणूत वसूल होई.

याला खरा जबाब आला तो एका अनपेक्षित दिशेने, आणि तो आमच्याच किनाऱ्यावरून निघाला, याची आठवण फार थोड्यांना आहे. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत देवी येऊ लागली. प्रथम ती रोगराई टळावी म्हणून केलेली देवीची आराधना होती. अंगात आलेली माणसे देवीचे बोल सांगत. एका गावचे लोक ते ऐकून पुढल्या गावी नेत. हे लोण डहाणू-उंबरगाववरून उत्तरेस गेले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींत वणव्यासारखे पसरले. वाटेत देवीच्या आज्ञा वाढत गेल्या. दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज आंघोळ करा, आणि दारूच्या धंद्यातल्या माणसाकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने या चळवळीवर १९८७ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे विद्वानांच्या जगात तिला जागा मिळाली.

या देवीचे मर्म काय? ‘अडाणी लोकांचा अंगात येण्याचा प्रकार’ असे म्हणून त्या वेळच्या अंमलदारांनी ती उडवून लावली. मला ती फार शहाणी वाटते. जो माणूस कायद्याशी, दुकानदाराशी आणि सावकाराशी एकट्याने भांडू शकत नव्हता, त्याने आपल्या देवीकडून हुकूम घेतला आणि गिऱ्हाईक होणेच नाकारले. सरकारने ताडी महाग करून जे साधले नाही ते देवीने एका पावसाळ्यानंतर साधून दाखविले. पुढे पुष्कळांनी पुन्हा पेला धरला, हेही खरे. पण ज्यांनी धरला नाही असेही पुष्कळ निघाले, आणि आपण ‘नाही’ म्हणू शकतो ही गोष्ट सर्वांनाच एकदा कळून गेली.

१९३० च्या कायदेभंगात याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले. गांधीजींनी सुरत जिल्ह्यात ताडीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला आणि हजारो झाडांवर कुऱ्हाड चालली. राजकारण म्हणून ते समजते. पण ज्या झाडाला रस द्यावयास पंधरा वर्षे लागतात ते पाडावयास अर्धा तास पुरतो, ही गोष्ट बाबांना हयातभर टोचत असे. त्यांच्या वडिलांच्या तोंडून त्यांनी त्या दिवसांची हकीकत ऐकली होती. “दोष कोणाचा आणि शिक्षा कोणाला,” एवढेच ते म्हणत. पुढे गांधीजींनीच ताडगुळाचा हिरिरीने पुरस्कार केला, हे येथे सांगितले पाहिजे. झाड वाईट नव्हे, त्याच्या रसाचा दुसरा प्रहर वाईट, अशी ती भूमिका होती. या कामाला वाहून घेणारे गजानन नाईक यांचे नाव डहाणूला खादी ग्रामोद्योगाच्या शिक्षणकेंद्राशी जोडलेले आहे.

स्वराज्य आल्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. हेतू निर्मळ होता. दारूपायी उठलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, विशेषतः ज्या बायकांनी ती आतून पाहिली आहेत, त्या या कायद्याला हसणार नाहीत. परंतु भंडाऱ्याच्या हातातला कोयता एका तारखेपासून बेकार झाला, हेही तितकेच खरे. नीरेचे परवाने मिळत. पण नीरा म्हणजे सूर्य उगवण्यापूर्वीची वस्तू. ती मुंबईपर्यंत गोड राहावी तर चुना, बर्फ आणि आगगाडीचे वेळापत्रक या तिन्हींची कृपा हवी. जे परवाना घेऊ शकले नाहीत त्यांनी धंदा सोडला. तिकडे खाडीच्या चिखलात नवसागर आणि काळा गूळ घालून चोरट्या भट्ट्या पेटल्या. १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल झाली, ताडीला पुन्हा परवाने मिळू लागले. पण मधल्या काळात एक पिढी झाडावर चढायला शिकली नव्हती. कायदा मागे घेता येतो. न शिकलेली पिढी मागे घेता येत नाही.

त्याच सुमारास आमच्या मुलखाचे रूपही पालटू लागले. बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे त्याच्या वाढीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. माणसांना नव्या वसाहतीत घरे मिळाली. ताडाला मिळणे शक्य नव्हते. बी जिथे पुरले तिथेच तो जगतो, हे वर सांगितलेच आहे. कारखान्याची पाळी सुटली की महिन्याचा पगार ठरलेला असतो. ताडाच्या शेंड्यावर पाय सुटला की काय ठरलेले असते ते सांगावयास नको. तरुणांनी पाळी पत्करली, यात त्यांना दोष देणारा मी कोण? बाबांच्या नातवानेही तेच केले, आणि बाबांनी त्याला आडकाठी केली नाही.

मग आज राहिले काय? झाडे पुष्कळ राहिली आहेत, चढणारे हात थोडे. त्या रिकाम्या जागेत एक भयंकर वस्तू शिरली आहे. शहरांच्या कडेला ताडी म्हणून जे विकले जाते त्यात अनेकदा ताडाचा थेंब नसतो. क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने पाण्यात कालवून ते केलेले असते. त्यावर छापे पडतात, माणसे दगावतातही. ज्या कायद्याने झाडाचा रस मोजून-मापून बंद केला, त्याच्या नाकाखाली झाडावाचूनची ताडी निघाली, यापरता उपहास कोणता?

परंतु सारेच चित्र काळे नाही. २०२० च्या जूनमध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने डहाणूला दोनशे कारागिरांना सात दिवसांचे शिक्षण देऊन नीरा काढण्याची व ताडगूळ करण्याची हत्यारे, दोर, कढया वाटल्या. सात दिवसांत बाबांची विद्या येणार नाही, पण कोयता हातात येईल. आरंभ तेथूनच होतो. आणि डहाणू-घोलवड-बोर्डीच्या चिकूची गोष्ट तर फार आशेची आहे. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते घोलवडला आले, पारशी-इराणी आणि स्थानिक बागाईतदारांनी खिरणीच्या खुंटावर त्याची कलमे बांधून ते रुजविले, आणि २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच पट्ट्यात अलीकडे चिकूची वाइनही होऊ लागली आहे. तेव्हा नॉर्मंडीच्या लोकांप्रमाणे फळ लावावे, छाटावे, आंबवावे आणि बाटलीवर गावाचे नाव लिहून अभिमानाने विकावे, हे आपल्याकडे अशक्य नाही. चिकूच्या वाइनला जो मान मिळतो तो ताडीला का मिळू नये, हा प्रश्न मात्र मला पडतो. उत्तर चवीत नाही. वाइनवाल्याजवळ जमीन आणि कागद आहे. ताडावर चढणाऱ्याची ती जमीनही नाही आणि झाडही नाही. त्याच्याजवळ आहे ती फक्त विद्या, आणि विद्येचा सातबारा निघत नाही.

मद्याचा पुरस्कार करावा म्हणून हे लिहिले नाही. ज्या घरात दारूने चूल विझली तिथल्या बाईचा शब्द माझ्या सगळ्या इतिहासाहून मोठा आहे. पण झाड, रस आणि माणूस यांच्यामधले नाते दीडशे वर्षे आपण फक्त अबकारीच्या खिडकीतून पाहत आलो. एका सरकारने त्यातून पैसा पाहिला, दुसऱ्याने पाप पाहिले. त्यामागची विद्या कोणी पाहिली नाही. नीरा हवी असो, गूळ हवा असो की शिरका, ती पोय बांधणारा, ठोकणारा आणि कागदाएवढा काप काढणारा हात लागतोच. तो हात शाळेत घडत नाही आणि पुस्तकातून उतरत नाही. एका म्हाताऱ्याने खाली बसून कान द्यावा आणि एका पोराने वर चढून कोयता चालवावा, यापलीकडे त्याचे शिक्षण नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या वाडीच्या कुंपणाला त्यांनी पुरलेल्या बियांचे सात ताड उभे आहेत. त्यांतले तीन नर आहेत आणि चार माद्या, हे आता फुलोऱ्यावरून कळते. त्यांना अजून एकही छेद गेलेला नाही.